आडरस्त्यांवर एकट्याने लांब सायकल: पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

हमरस्त्यावर सायकल बंद पडली तर थोड्या वेळात कोणीतरी थांबतं. शेतांमधून, झाडीतून वळणं घेत जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर मात्र कधी कधी अर्धा तास चिटपाखरू दिसत नाही. तोच या रस्त्यांचा आनंद आहे आणि तयारी नीट करावी लागते तीही त्याचमुळे. सोबत कोणी असलं की एकाचा पंप दुसऱ्याला चालतो, दमलेला माणूस पुढच्याच्या आडोशाने वारा चुकवतो. एकट्याला यातलं काहीच नाही. म्हणून एकट्याने निघताना प्रत्येक गोष्ट थोडी शिल्लक ठेवायची सवय लावून घ्या: पाणी, उजेड, फोनची बॅटरी, पायातला जोर, ब्रेक लावायला लागणारं अंतर. खालचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

हा लेख सलग २५-३० किलोमीटर सायकल आरामात चालवणाऱ्या, पण एका दिवसात ६० ते १०० किलोमीटर एकट्याने कधी न गेलेल्यांसाठी आहे.

अंतर वाढवायचं कसं

८ आठवडे हाताशी ठेवा. आठवड्यातून एक लांब राईड आणि दोन छोट्या, प्रत्येकी तासाभराच्या. लांब राईड साधारण अशी वाढवत न्या: ३०, ३५, ४५, मग मुद्दाम कमी करून ३०, पुढे ५०, ६०, पुन्हा ४०, आणि आठव्या आठवड्यात ८०. मधले कमी अंतराचे आठवडे टाळू नका. श्वास आणि स्नायू लवकर तयार होतात, पण गुडघ्याचे स्नायूबंध, मनगटं आणि सीटवर टेकणारी हाडं यांना जास्त वेळ लागतो. दम टिकतो म्हणून पटापट अंतर वाढवणाऱ्यांचे गुडघे नेमके तिथेच कुरकुरतात.

वेगाची चिंता सोडून द्या. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हे प्रकारात, म्हणजे ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण करायच्या राईडमध्ये, २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटरहून थोडं कमीच. आडरस्त्यावर नवख्याचा चालता वेग ताशी १४ ते १८ किलोमीटर पडतो. खाणं, फोटो, रस्ता चुकणं हे सगळं धरून १२ चा हिशेब करा. त्यात दर १०० मीटर चढामागे ७-८ मिनिटं मिळवा. ८० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ म्हणजे साडेसात तास. हा आकडा पाहून बरेच जण दचकतात, पण घरातून किती वाजता निघायचं हे ठरवायला तोच कामाचा आहे.

सायकल: टायर, गिअर आणि बसण्याची जागा

महागडी सायकल लागत नाही. दोन गोष्टी मात्र पाहा. पहिली, टायरची रुंदी. डांबर उखडलेल्या, खडी पसरलेल्या रस्त्याला ३२ ते ४० मिलिमीटरचा टायर उत्तम. २८ वर भागतं. २५ वर हात आणि पाठ दोन्ही बोलायला लागतात. दुसरी, सर्वांत हलका गिअर. पुढच्या छोट्या चक्राचे दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते मोजा. पुढचे दाते मागच्याइतके किंवा त्याहून कमी असले, उदाहरणार्थ ३४ आणि ३४, तर बहुतेक चढ बसून चढता येतात. पुढे ३९ आणि मागे २५ अशी जोडी असेल तर पन्नासाव्या किलोमीटरनंतरचा तीव्र चढ ढकलतच पार करावा लागेल.

सीटची उंची चुकली की बाकी सगळं चुकतं. पायात रोजचे बूट घालून भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली न्या. गुडघा सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चवडा पेडलवर आणला की गुडघ्यात आपोआप योग्य तेवढा बाक येतो. मोजूनच करायचं असेल तर अनवाणी उभं राहून जांघेपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या आणि ०.८८३ ने गुणा. पेडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या मधल्या बिंदूपासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढं अंतर ठेवून सुरुवात करता येते. ८० सेंटिमीटरला ते ७०.६ येतं. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. मागून पाहणाऱ्याला नितंब डावी-उजवीकडे डुलताना दिसले तरी सीट वरच आहे. बदल एका वेळी ३ ते ५ मिलिमीटरच करा आणि मोठ्या राईडच्या आदल्या दिवशी अजिबात करू नका.

एक आठवडा आधी

तपासणी आदल्या रात्री करण्यात अर्थ नाही, कारण दोष सापडला तर सुटा भाग आणायला वेळ उरत नाही. आठवडाभर आधी बसा.

चेन मोजा. चेनच्या एका पिनपासून २४ अर्ध्या कड्या मोजल्या तर नव्या चेनमध्ये ते अंतर बरोबर १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिलिमीटर भरतं. ते एक षोडशांश इंचाने वाढलं असेल तर चेन बदलायची वेळ आली. एक अष्टमांश वाढलं असेल तर मागची चक्रंही झिजलेली असण्याची शक्यता मोठी, आणि फक्त नवी चेन चढवली तर ती जोर लावताच दात्यांवरून सटकेल. चेन ठीक असेल तर आधी जुनी घाण कापडाने पुसा, मग प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल, पेडल उलटं २०-३० फेरे, आणि रात्रभर ठेवून सकाळी बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. तेल रोलरच्या आत हवं. बाहेर राहिलेलं तेल धूळ धरतं आणि त्या धुळीची कानस होऊन चेनच खाते.

ब्रेकच्या रबरांवर झिजेची खूण असते, ती पुसट झाली असेल तर रबरं बदला. त्यात रुतलेले खडीचे किंवा धातूचे कण टोचून काढा, नाहीतर रिमवर चरे पडतात. डिस्क ब्रेकमध्ये पॅडचा घासणारा थर १ मिलिमीटरपेक्षा कमी उरला की नवे घाला. ब्रेकचा खटका हँडलला टेकत असेल तर केबल ताणून घ्या.

चाक उचलून फिरवा. डुलतंय का पाहा आणि तारा दोन-दोनच्या जोडीने चिमटीत दाबा. एखादी इतरांपेक्षा ढिली लागली तर ती पुढेमागे तुटते. टायरवर बोट फिरवून चिरा शोधा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा. हँडलच्या बुडाशी टकटक जाणवली तर तिथला खेळ काढून घ्यायला मेकॅनिककडे न्या.

हवा

टायरच्या भिंतीवर छापलेला सर्वांत मोठा आकडा ही मर्यादा असते. तेवढी हवा भरलीच पाहिजे असं नाही, आणि नवखे नेमके इथे फसतात. दगडासारखा टायर खडबडीत रस्त्यावर उड्या मारतो, पकड सोडतो आणि मनगटं बधिर करतो. ट्यूबवाल्या टायरला, ७० किलोच्या माणसासाठी, इथून सुरुवात करा: २८ मिलिमीटरला मागे ७० आणि पुढे ६५ पीएसआय, ३२ ला मागे ६० आणि पुढे ५५, ४० ला मागे ४५ आणि पुढे ४०. वजन १० किलोंनी जास्त असेल तर ५ पीएसआय वाढवा. मागच्या चाकावर जास्त भार येतो म्हणून तिथे थोडी जास्त हवा. रस्ता ओला असेल तर दोन्हीकडे ५ कमी.

हवा फार कमी ठेवली तर खड्ड्याच्या कडेवर टायर दबतो, ट्यूब रिम आणि कड यांच्यात चिरडते आणि तिला शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. पंक्चरमध्ये अशी जोडी दिसली की काटा शोधत बसू नका, पुढच्या वेळी हवा वाढवा. रबराच्या ट्यूबमधून हवा रोज थोडी झिरपते, म्हणून मोजमापाचा काटा असलेल्या पंपाने निघायच्या सकाळीच भरा. बारीक, लांब वॉल्व्ह असेल तर टोकाची छोटी चकती आधी सैल करायची असते, हे अनेकांना पहिल्यांदा कोणी सांगत नाही.

रस्ता आखताना

नकाशावर लहान रस्ते पातळ रेषांनी दिसतात आणि सगळे सारखेच वाटतात. उपग्रह चित्रात जवळ जाऊन पाहा: करडी सलग पट्टी म्हणजे डांबर, मध्ये हिरवी रेघ असलेली दोन चाकोऱ्यांची वाट म्हणजे ट्रॅक्टरचा रस्ता. पावसानंतर अशा वाटेवर चिखल ब्रेकमध्ये आणि चाकाच्या फटीत भरून चाक फिरायचंच थांबतं.

सरळ जाऊन त्याच वाटेने परतण्यापेक्षा गोल वाट बरी, आणि पहिल्या राईडला इंग्रजी आठच्या आकाराची सर्वांत बरी. दोन वर्तुळं, मध्ये घर किंवा गाडी ठेवलेली जागा. पहिलं वर्तुळ संपल्यावर जीव उरला असेल तरच दुसरं. गोल वाट असेल तर दर १५-२० किलोमीटरवर एक सुटकेची जागा हेरून ठेवा: रेल्वे स्टेशन, बसथांबा किंवा मोठ्या रस्त्याचा फाटा.

वाऱ्याची दिशा आदल्या संध्याकाळी पाहा. जाताना वारा तोंडावर आणि येताना पाठीशी असेल अशी वाट धरा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० ने जाताना समोरून ताशी १० चा वारा आला तर हवेचा रेटा सव्वादोन पट होतो. ताज्या पायांनी तो सोसता येतो, सत्तराव्या किलोमीटरला नाही. चढांचंही असंच. मोठे चढ पहिल्या दोन तृतीयांशात उरकतील असं पाहा.

आडरस्त्यांवर वळणं फार असतात, ६० किलोमीटरमध्ये ४० फाटे सहज येतात. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण सखल भागात आणि झाडीत नेटवर्क जातं. शिवाय फाट्यांची यादी किलोमीटरच्या आकड्यांसह एका कागदावर लिहून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. फोन पडला, भिजला, बंद झाला तरी कागद चालतो.

परतीची वेळ सूर्यास्ताच्या २ तास आधीची धरा. तरीही पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा लावूनच निघा. झाडांच्या गर्द सावलीत भर दुपारीही सायकलवाला दिसत नाही.

कोणाला सांगून जायचं

एक माणूस ठरवा. त्याला वाटेची फाईल, निघायची वेळ, यायची वेळ आणि मधल्या दोन वेळा द्या, ज्या वेळी तुम्ही निरोप पाठवणार. निरोप आला नाही तर किती वेळ थांबून काय करायचं हेही आधी बोलून घ्या. उदाहरणार्थ, ४५ मिनिटं वाट पाहा, मग फोन करा, आणखी अर्ध्या तासाने मदत मागवा. नुसतं "पोचलो की कळवतो" याने काही होत नाही, कारण कधी काळजी करायची हे समोरच्याला कळत नाही. जागा थेट दाखवणारं ॲप असेल तर लावा, पण नेटवर्क गेलं की ते जुनीच जागा दाखवत राहतं.

खिशात एक चिठ्ठी ठेवा: नाव, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, दोन फोन नंबर. फोनला कुलूप असलं तरी ही माहिती पडद्यावर दिसेल अशी सोयही करून ठेवा. बऱ्याच देशांत ११२ हा आणीबाणीचा नंबर चालतो. तुमच्या भागातला नंबर पाठ असू द्या.

बरोबर काय घ्यायचं

सीटखालच्या पिशवीत: २ नव्या ट्यूब, टायरच्या मापाच्या आणि वॉल्व्ह पुरेसा लांब असलेल्या. ३ टायर लिव्हर, म्हणजे टायरची कड रिमवरून काढायच्या पट्ट्या. ठिगळांची डबी, तिच्यातली सोल्यूशनची नळी फोडलेली नसावी, कारण फोडलेली नळी काही आठवड्यांत आतून सुकते. ४, ५ आणि ६ मिलिमीटरच्या ॲलन की आणि चेन तोडायचं साधन असलेलं मल्टिटूल. तुमच्या चेनच्या मापाचा जोडदुवा, म्हणजे तुटलेली चेन जोडायची सुटी कडी; १० गिअरचा ११ ला बसत नाही. जुन्या टायरच्या भिंतीतून कापलेला ३ बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा. ४-५ केबल टाय. पंपाभोवती गुंडाळलेली मीटरभर चिकटपट्टी. एक जोडी पातळ हातमोजे.

पंप सायकलच्या चौकटीला. गॅसची नळकांडी वेगवान असली तरी एक चुकली की संपली, आणि त्यातला वायू ट्यूबमधून दिवसाभरात निघून जातो. एकट्याने पंपाशिवाय निघू नका.

पाण्याच्या २ बाटल्या, १०,००० एमएएचची पॉवर बँक आणि तिची केबल, थोडी रोख, वाऱ्याला अडवणारं पातळ जाकीट, जखम धुवायला आणि बांधायला लागणारं सामान. पाठीवर पिशवी शक्यतो नको. ३ किलोंची पिशवीसुद्धा चौथ्या तासाला खांदे आणि बैठक दोन्ही दुखवते.

कपड्यांत एकच ठाम सांगणं: गादी असलेली सायकलची चड्डी घाला आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका. आतल्या कपड्याची शिवणच कातडी सोलते. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी व्ही, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढी जागा. आणि त्या दिवशी कुठलीही नवी वस्तू वापरायची नाही. ना बूट, ना सीट, ना खाणं.

खाणं आणि पाणी

शरीरात साठवलेली साखर मध्यम जोराने चालवताना दोनेक तासांत बरीच खाली येते. भूक लागल्यावर खायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो, कारण पोटातून पायापर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून पहिला घास ४५ मिनिटांच्या आत, आणि पुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. थोडं थोडं, दर २०-२५ मिनिटांनी. फोनवर गजर लावला तर विसरत नाही. तेलकट आणि तंतुमय पदार्थ पोटात रेंगाळतात, ते परतल्यावर.

पाणी तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर, उन्हात त्याहून जास्त. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत मीठ-साखर घातलेलं. तासन्‌तास नुसतं साधं पाणी भरपूर पिणंही घातक आहे. रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो. आपल्याला किती लागतं हे कळायला तयारीच्या राईडच्या आधी आणि नंतर वजन करा. २ टक्क्यांहून जास्त घटलं तर कमी प्यालात, वाढलं तर नक्की जास्त प्यालात. एक बाटली संपली की पुढच्या पाण्याच्या ठिकाणी लगेच भरून घ्या, दुसरी अर्धी असली तरी.

पहिला तास

पहिला तास हळू. इतका हळू की पूर्ण वाक्य न थांबता बोलता यावं. पाय ताजे असतात, सकाळ गार असते आणि हात आपोआप वेग मागतो. त्या तासात उधळलेला जोर शेवटच्या तासात परत मिळत नाही.

पेडल मिनिटाला ७५ ते ९० फेरे फिरतील असा गिअर ठेवा. जड गिअरवर ५५-६० फेऱ्यांनी रेटत राहिलं की सगळा भार गुडघ्यावर येतो. चढ दिसला की पाय जड होण्याआधी गिअर हलका करा. पेडलवर पूर्ण जोर असताना गिअर बदलला तर चेन अडखळते, कधी उतरते, कधी तुटते. पुढचं मोठं चक्र आणि मागचं सर्वांत मोठं, किंवा दोन्हीकडची सर्वांत लहान, अशी जोडी टाळा. चेन तिरकी पडते आणि घासते.

दर १०-१५ मिनिटांनी २०-३० सेकंद पेडलवर उभं राहा, हात हँडलवर वेगळ्या जागी ठेवा, कोपर ढिले सोडा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुंग्यांनी भरलं तर तळहातावरचा दाब वाढलाय. जांघेत बधिरपणा आला तर थांबून सीटचं नाक वर झालंय का पाहा. ते दुर्लक्ष करण्यासारखं दुखणं नाही.

अरुंद रस्त्यावर चालवणं

अगदी कडेला चिकटून जाऊ नका. कडेला खडी, काटे आणि तुटलेलं डांबर असतं, चुकवायला जागा नसते आणि वळणापलीकडून येणाऱ्याला तुम्ही उशिरा दिसता. कडेपासून मीटरभर आत चाला. मागून गाडी आली की मागे पाहून, जागा सापडताच बाजूला होऊन तिला जाऊ द्या. अरुंद रस्त्यावर थांबून वाट देणं ही साधी रीत आहे. त्यात कमीपणा काही नाही.

आंधळ्या वळणाचा नियम: दिसणाऱ्या रस्त्याच्या निम्म्या अंतरात थांबता आलं पाहिजे. उरलेलं निम्मं समोरून येणाऱ्याला लागतं. ताशी ३० वेगाने कोरड्या रस्त्यावर थांबायला विचाराच्या क्षणासह सुमारे १५ मीटर लागतात, ओल्यावर २० ते २५. हे अंतर एकदा पावलांनी मोजून पाहा, मग उतारावर हात आपोआप ब्रेकवर जातो.

वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबा. थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेक करतो, पण वळणात किंवा खडीवर तो जोरात दाबला तर पुढचं चाक घसरतं आणि मग सावरायला वेळ मिळत नाही. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, त्यावर वजन, नजर वळणाच्या शेवटाकडे. चाक नजरेमागे जातं. खड्ड्याकडे पाहत राहिलात तर खड्ड्यातच जाल.

लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. काही सेकंद ठाम दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सतत घासल्याने रिम तापते, आणि फार तापली तर ट्यूब फुटते. ओल्या दिवशी रिमच्या ब्रेकला आधी पाणी पुसायला काही फेरे लागतात, म्हणून वेळेआधीच हलके दाबून घ्या.

वळणांच्या आतल्या बाजूला वाहून आलेली माती-खडी, शेतातून ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल, ओली पानं, शेण, रंगवलेले पट्टे, लोखंडी जाळ्या आणि रूळ: यांवर सायकल सरळ उभी ठेवा, ब्रेक आणि पेडलचा जोर दोन्ही सोडा आणि पलीकडे निघून जा. रूळ काटकोनातच ओलांडा. उन्हातून सावलीत शिरताना डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही आणि खड्डे नेमके तिथे असतात.

कुत्रा अंगावर आला तर त्याला हरवायच्या नादात पडू नका. बहुतेक कुत्रे पळणाऱ्या गोष्टीमागे पळतात. थांबा, उतरा, सायकल मध्ये ठेवा, ठाम आवाजात दरडावा आणि चालत त्याची हद्द ओलांडा. गुरं किंवा घोडे दिसले तर लांबूनच बोलत या. गुपचूप मागून आलेल्या सायकलला ती बिचकतात.

पंक्चर झालं

हे घरी दोनदा करून पाहा, तेही मागच्या चाकावर. रस्त्याच्या कडेला पहिल्यांदा शिकू नका.

१. रस्त्यापासून लांब, सपाट जागी या. मागचं चाक असेल तर चेन सर्वांत लहान चक्रावर आणा आणि मगच चाक काढा.

२. उरलेली हवा पूर्ण सोडा. टायरच्या दोन्ही कडा अंगठ्यांनी दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला. याने कड सैल होते.

३. वॉल्व्हच्या समोरच्या बाजूने लिव्हर घाला, दुसरी १० सेंटिमीटरवर, आणि एकच कड बाहेर काढा. ट्यूब ओढून घ्या.

४. ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधा, आवाज ऐकू आला नाही तर ओठांजवळ फिरवा. भोक वॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते टायरशी जुळवा. काटा तिथेच असतो. टायरवरचं नाव नेहमी वॉल्व्हपाशी येईल असा टायर बसवला असेल तर हे काम अर्ध्या मिनिटाचं.

५. टायर आतून कापडाने, मग जपून बोटाने तपासा. ही पायरी गाळली तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. रिमवरची आतली पट्टी सरकली असेल तर तीही सरळ करा. भोक ट्यूबच्या रिमकडच्या बाजूला असेल तर दोष बहुधा त्या पट्टीतच आहे.

६. नव्या ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा भरा, वॉल्व्ह भोकातून घाला, ट्यूब टायरमध्ये बसवा.

७. कड वॉल्व्हच्या समोरून चढवायला सुरुवात करून वॉल्व्हपाशी संपवा. शेवटचा भाग घट्ट वाटला तर सुरुवातीची कड पुन्हा रिमच्या खोलगट भागात दाबत या. लिव्हरने चढवू नका, नवी ट्यूब तिथेच चिमटते.

८. वॉल्व्ह आत ढकलून पुन्हा ओढा. दोन्ही बाजूंनी कड उचलून ट्यूब डोकावत नाही ना पाहा. निम्मी हवा, पुन्हा पाहणी, मग पूर्ण हवा. टायरच्या भिंतीवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी.

९. चाक बसवल्यावर ब्रेक लावून पाहा. रिमचा ब्रेक उघडला असेल तर तो बंद करायचा राहून जातो. ही चूक उतारावर कळते.

दोन्ही ट्यूब गेल्या तर ठिगळ. भोकाभोवती पॉलिश पेपरने रबर खरखरीत करा, सोल्यूशनचा पातळ थर ठिगळापेक्षा मोठा लावा आणि ओलसर चमक जाईपर्यंत ५ मिनिटं थांबा. बहुतेक ठिगळं निघतात ती घाईने, ओल्या सोल्यूशनवर लावल्यामुळे. मग ठिगळ मधून बाहेर जोरात दाबा.

बाकी काय मोडतं

टायर चिरला आणि ट्यूब बाहेर फुगतेय: जुन्या टायरचा तुकडा आतून लावा, हवा थोडी कमी भरा, घरी जाईपर्यंत पुरतं. चेन तुटली: वाकलेली कडी काढून जोडदुवा लावा. चेन आता आखूड आहे, म्हणून पुढचं मोठं आणि मागचं मोठं चक्र एकत्र वापरू नका, मागचा गिअर ओढून मोडेल. तार तुटली: तिला शेजारच्या तारेला गुंडाळा, ब्रेक घासत असेल तर थोडा उघडा आणि बसून, सावकाश चाला.

पडलात तर आधी स्वतःला तपासा, मग सायकलला. डोकं आपटलं असेल, चक्कर, उलटी किंवा गोंधळ वाटत असेल तर पुढे जायचं नाही, मदत बोलवा. आपटलेलं हेल्मेट बदलायचंच, बाहेरून तडा दिसत नसला तरी. सायकल गिअरच्या बाजूवर पडली असेल तर मागचा गिअर ज्या तुकड्याला लटकतो तो आत वाकलेला असू शकतो. मागून पाहा. वाकलेला असेल तर सर्वांत हलका गिअर टाकू नका. गिअर तारांमध्ये शिरतो आणि चाक जागीच अडकतं.

शरीर काय सांगतंय

हात थरथरतात, अंगात त्राण नाही, साधा फाटा ठरवता येत नाही: साखर उतरली आहे. थांबा, काहीतरी गोड खा, पाणी प्या, १५ मिनिटं बसा आणि मग हळू निघा. उन्हात घाम थांबला, अंगावर काटा आला, डोकं भणभणलं तर सावली, कपडे आणि मान ओली करणं, आणि राईड तिथेच संपवणं. थंडीत मोठ्या उताराआधी, वर थांबलेले असतानाच जाकीट घाला. गारठलेल्या बोटांनी ब्रेक नीट दाबता येत नाही.

निम्म्या वेळेत निम्म्याहून बरंच कमी अंतर झालं असेल, एक ट्यूब संपली असेल आणि आभाळ भरून येत असेल, तर जवळची सुटकेची जागा धरा. यातल्या कोणत्याही दोन गोष्टी एकत्र आल्या तरी वळायला पुरेशा आहेत.

परतल्यावर

आधी त्या माणसाला पोचल्याचा निरोप द्या. अर्ध्या तासात काही खाऊन घ्या, चड्डी लगेच बदला आणि अंघोळ करा, नाहीतर बैठकीवर पुरळ येतं. सायकल पावसात किंवा चिखलात गेली असेल तर त्याच दिवशी चेन कोरडी पुसून तेल द्या. दोन्ही टायर फिरवून रुतलेले काटे आणि काचेचे कण काढा. आज आत न पोचलेला काटा पुढच्या राईडमध्ये पोचतो. वापरलेल्या ट्यूबच्या आणि जोडदुव्याच्या जागी लगेच नवे भरून पिशवी पुन्हा सीटखाली लावा, सोल्यूशनची नळी फोडली असेल तर नवी ठेवा.